वकीलसाहेबांची मखमली झूल

राजा कसा दिसतो हे जबलपूरच्या आमच्या मराठी लोकांत कोणालाच ठाऊक नव्हतं, पण वकीलसाहेबांना ठाऊक होतं. त्यांच्याजवळ पुस्तक होतं. विलायती, जाड पुठ्ठ्याचं, रंगीत चित्रांचं. कुठल्याशा साहेबानं बदली होऊन जाताना रद्दीत टाकलेलं. त्यात एक दाढीवाला राजा कड्यावर उभा, खाली आग ओकणारं घोरपडीसारखं काहीतरी जनावर, आणि राजाच्या खांद्यांवरून जमिनीपर्यंत लोळणारं लाल पांघरूण. मागे टोपरं, गळ्याशी सोन्याची कडी. हे एक चित्र पाहून वकीलसाहेबांनी अख्खं नाटक लिहिलं. नवरात्रात आमच्याकडे शारदोत्सव व्हायचा, त्यात दरवर्षी एक नाटक असे आणि दरवर्षी त्यातला राजा वकीलसाहेबच असत. नाटकात राजा नसला तर ते घालून घेत. त्या साली मात्र त्यांना आपल्याकडचा राजा पुरेना. पोथीत नाही, बखरीत नाही अशा राज्याचा, जादूगारांना लोळवणारा राजा त्यांना व्हायचं होतं. पोट असं की स्वतःच्या धोतराची गाठ त्यांना दिसत नसे, आणि हे म्हणे घोरपड मारणार.

त्या पांघरुणाचं विलायती नाव ते तोंड वाकडं करून सांगायचे. ते नाव आम्हाला कोणालाच म्हणता आलं नाही. माझ्या बाबांनी चित्र पाहिलं, मान हलवली आणि घरी येऊन म्हणाले, "हत्तीची झूल शिवायची हाये वकिलाले." तेव्हापासून आमच्या घरात ती झूलच.

मागल्या महिन्यात माझ्या नातवाच्या पोरानं शाळेतल्या सोंगासाठी असलीच एक झूल मोबाईलवरून मागवली. विजय नगरातल्या ह्या घराच्या दारात खोका आला. माझ्या तरुणपणी इथे नुसती शेतं होती, आता खोके येतात. आतून निघालं चकाकणारं, कांद्याच्या सालीसारखं कापड. शिवण तिरकी, काठ दुमडलेलासुद्धा नाही. पोरगं ते गळ्यात अडकवून समोर उभं राहिलं, "दादाजी, कैसा है?" मी म्हटलं, "बेटा, इसमें तो आलू भी नहीं टिकेंगे." त्याची आई रागावली. मी सवयीनं खिडकीजवळच्या बायकोच्या खाटेकडे वळून म्हणालो, "पाहून राहिली का, काठ मारला नाही." खाट तर घरच्यांनी चैत्रातच उचलून गच्चीवर नेली. तिच्या दिवसपाण्याच्या दुसऱ्याच दिवशी. जागा मोकळी झाली म्हणे.

तर झूल. आम्ही शिंपी. आजोबा अमरावतीकडून इकडे आले ते छावणीच्या मागोमाग, आणि बाबा जन्मभर खाकी शिवत राहिले. पाटलोणी, सदरे, झोळ्या. घर म्हणजे पुढे एक खोली, मागे एक, मध्ये दाराला चौकट आणि दार नाही. पुढच्या खोलीत शिलाईचं यंत्र, मागच्या खोलीत चूल. खिडकी एकच, तीही बोळाकडे, त्यामुळे भर दुपारीसुद्धा सुईत दोरा ओवायला उंबऱ्यावर जावं लागे. पहाटे कारखान्याचा भोंगा झाला की यंत्राचा पाय सुरू, आणि त्या खडखडाटातच आमचं बोलणं, भांडणं, जेवण. जेवण तरी काय, ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, मिरचीचा ठेचा, आणि त्या दिवसांत तळ्यातले शिंगाडे निघाले की उकडलेल्या शिंगाड्यांचं टोपलं. शिंगाडे सोलून आमची नखं काळी पडत आणि त्या हातांनी कापडाला शिवायचं नाही म्हणून आई चिंचेनं हात घासायला लावी. मी चौथीपर्यंत शिकलो होतो, अठराचा होतो, आणि त्याच वैशाखात माझं लग्न झालं होतं. बायको पांढुर्ण्याकडची, शेवंता. पंधराची असेल. तिचे वडीलही शिंपीच, पण खेड्यातले. तिथल्या मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, बैलांच्या पोळ्याच्या झुली शिवायचे. आमच्या आईला ह्याचं भारी हसू येई. "आम्ही साहेबाले कपडे घालतो, ते बैलाले," असं ती दिवसातून एकदा तरी म्हणे.

आता घरातली एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नसे. शेवंताला बाबांना काही सांगायचं असलं तर ती मला सांगे आणि मी बाबांना. बाबांना तिला काही विचारायचं असलं तर ते मला म्हणत, "विचार तिले." ती चार हातांवर चुलीपाशी बसलेली असे. त्यांचा शब्दन् शब्द तिला ऐकू येई. तरी मी मान वळवून तेच बोलणं पुन्हा बोले, आणि तिचं उत्तर मान फिरवून इकडे आणे. "तिले सांग, वरणात मीठ नाही." मी सांगे, "वरणात मीठ नाही." आज कोणाला सांगितलं तर हसतील. हसा. मला मात्र त्यात मोठेपणा वाटे. घरात माझा शब्द कोणी विचारत नव्हतं, पण माझ्यावाचून दोघांचं चालत नव्हतं.

लढाईचे दिवस. साधं मांजरपाट मिळायची मारामार होती. अशात वकीलसाहेबांनी कुठूनशी लाल मखमल आणवली आणि अशी बाबांच्या हातात ठेवली की जणू स्वतःचं पोर दत्तक देतात. "शिंपीबुवा, जपून हं. असं कापड आता बघायला मिळायचं नाही." ते आमच्याशी फार शुद्ध बोलायचे आणि आमचं 'मले-तुले' ऐकून मिशीत हसायचे. बाबांनी मखमल जन्मात कापली नव्हती. पण हे ते वकिलाला सांगणार होते थोडेच? त्यांनी घरी येऊन हात धुतले, जमिनीवर धुतलेली चादर अंथरली, तिच्यावर मखमल पसरली आणि खडूनं आठ कळ्या आखल्या. कळी म्हणजे वर निमुळती, खाली रुंद पट्टी. अशा आठ जोडल्या की खांद्याशी चुण्या नाहीत आणि खाली घेर भरपूर. कापड कमी पडू नये म्हणून त्यांनी खाकीत करत तेच केलं. एक कळी टोक वर, तिच्या शेजारची टोक खाली. चिंधी वाया जात नाही.

मी चादरीचा कोपरा धरून बसलो होतो. मागच्या खोलीतून बांगडी वाजली. ती बोलवायची तिची खूण. मी गेलो. भाकऱ्या होऊन टोपल्यात झाकलेल्या होत्या, ती चूल विझवत होती.

"अहो, मामाजींले सांगा न, कळ्या उलटसुलट नका कापू म्हणा," ती कुजबुजली.

"काहून?"

"मखमलीले लव असते. साऱ्या कळ्यांची लव एकाच अंगाले पाहिजे. नाही तं उजेडात दोन रंग दिसतात."

"खाकी अशीच कापतात."

"खाकीले कुठं लव असते? तुम्ही हात फिरवून पाहा एकदा. इकडून सरकते, तिकडून अडते. आमच्या बाबांची एका पोळ्याले अशीच चूक झाली होती."

"तुझे बाबा बैलं सजवतात."

"बैलाले नाही दिसत," ती म्हणाली, "पण मालगुजाराले दिसते."

मला हसू आलं आणि राग आला. मी बाहेर येऊन पुन्हा कोपरा धरला. बाबांनी कात्री उचलली होती. मान वर न करता ते म्हणाले, "काय म्हणून राहिली?"

"काही नाही," मी म्हटलं. "भाकऱ्या टाकू का, विचारते."

"टाक म्हणा," बाबा म्हणाले, आणि कात्री चालवली.

मी मान वळवून आत सांगितलं, "टाक." लोक म्हातारपणी लिहितात तेव्हा तरुणपणच्या मूर्खपणाला भोळेपणा म्हणतात. मी भोळा नव्हतो. बायकोचं शहाणपण माझ्या तोंडून बाहेर निघावं याची मला लाज वाटली. बस, इतकंच. त्याला दुसरं कारण नाही.

पुढचे आठ दिवस घरात मखमलच मखमल. तिची लाल लव हवेत उडे. ती वरणावर बसे, आईच्या केसांत, देवाच्या समईत. बाबा एकेक कळी जोडताना श्वास धरत. मध्येच शेवंताचा भाऊ गावाहून शेंगांची पोतडी घेऊन आला, दोन दिवस राहिला, शेंगा भाजून आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या आणि तो रिकामी पोतडी काखेत मारून गेला. शेवंता मला पुन्हा काही बोलली नाही. एकदा फक्त मी जेवताना तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी ताटाकडे.

झूल तयार झाली. आमच्या अंधाऱ्या खोलीत ती सुरेख दिसत होती, खोटं काहून बोलू. बाबांनी ती चादरीत बांधली आणि आम्ही दोघं वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांच्या ओट्यावर नाटकाची मंडळी जमली होती. वकीलसाहेबांनी झूल खांद्यावर घेतली, टोपरं डोक्यावर ओढलं, दोन पावलं चालून ओट्याच्या टोकाला उन्हात गेले आणि आमच्याकडे पाठ करून हात पसरले.

एक जण फिस्सकन हसला. एक कळी डाळिंबासारखी, शेजारच्या दोन वाळल्या रक्तासारख्या, मग एक उजळ, एक काळपट, पुन्हा दोन उजळ, शेवटी एक काळपट. बाबांनी कळ्या हाती येतील तशा जोडलेल्या. राजाची पाठ खरजुल्या कुत्र्यासारखी दिसत होती. वकीलसाहेबांनी झूल काढून समोर धरली.

"शिंपीबुवा, माझी मखमल कुठं आहे?"

"हेच हाये न साहेब," बाबा म्हणाले.

"अर्धी माझी आहे. अर्धी कुठली भरलीत?"

"साहेब, मी..."

"मला कायदा कळतो तसा रंगही कळतो."

मागून कोणीतरी म्हणालं, "शिंपी सख्ख्या आईच्या चोळीतली चिंधी सोडत नाही, ही तर वकिलाची मखमल." सगळे हसले. वकीलसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत उरलेली मखमल आणून द्या. नाहीतर मला चौकीत जावं लागेल."

बाबांना खरंच कळत नव्हतं. ते झूल पुन्हा पुन्हा हातात घेऊन पाहत होते, जणू त्यांच्याच हातांनी चोरी केली आणि त्यांना सांगितलं नाही. मला कळत होतं. 'लव' हा एक शब्द माझ्या जिभेवर होता. तो बोललो असतो तर बाबांची अब्रू तिथेच, त्या ओट्यावरच परत मिळाली असती. पण मग बाबांनी विचारलं असतं, तुला कोणी सांगितलं आणि केव्हा. मी झूल चादरीत बांधायला मदत केली.

घरी आल्यावर आईनं सगळं ऐकलं आणि तिला हिशोब लावायला क्षणही लागला नाही. "तो पोतडी घेऊन आलता न हिचा भाऊ? पोतडी घेऊन गेलता न? बापाले बैलासाठी मखमल लागतेच हिच्या. सारी रात झूल पेटीत होती, पेटीजवळ निजते कोण? उद्याच्या गाडीनं धाडा हिले माहेरी. चोरट्याची पोर घरात नको."

बाबा यंत्राजवळ बसले होते. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "विचार तिले. मखमल कुठं गेली."

आणि मी विचारलं. मी त्या चौकटीत उभा राहिलो, मान वळवली, आणि जिनं मला सगळं आधी सांगितलं होतं तिला माझ्या तोंडानं विचारलं, "मखमल कुठं गेली?"

हे लिहायला मला सत्तर वर्षांहून जास्त लागली. आता वाचायला ती नाही, म्हणून लिहिता येतं. भेकडपण पाहा किती टिकाऊ असतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. हात पदराला पुसले, पदर कपाळापर्यंत ओढला, आणि माझ्या बाजूनं, मला जरा ढकलूनच, पुढच्या खोलीत आली. आई ओरडली, "अवं, सासरा बसला हाये!" तिनं झूल उचलली, उंबऱ्यावर उजेडात नेली आणि बाबांसमोर धरली.

"मामाजी, ह्या काळ्या कळीवर हात फिरवा."

मी तिचा एवढा मोठा आवाज पहिल्यांदा ऐकला. बाबांनीही. ते आधी माझ्याकडे पाहत राहिले, मी तिचं बोलणं पुन्हा सांगेन म्हणून. मी काही सांगितलं नाही, तेव्हा त्यांनी हात पुढे केला.

"वरून खाली फिरवला तं अडते न? आता ह्या उजळ कळीवर."

"सरकते," बाबा म्हणाले.

"आता झूल उलटी धरते. डोकं खाली." तिनं फिरवली. काळ्या कळ्या उजळ झाल्या आणि उजळ होत्या त्या काळ्या. "कापड एकच हाये, मामाजी. कोणी काही चोरलं नाही. कळ्या उलटसुलट कापल्या गेल्या."

बाबांनी तिच्या हातातून झूल घेतली, स्वतः उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी. आई चुलीकडे निघून गेली. मग बाबांनी तिला विचारलं, सरळ तिलाच, "तुले हे कव्हा समजलं, पोरी?"

मला वाटलं, आता माझं नाव आलं. आलं तर बरं, असंही वाटलं.

"आत्ताच," ती म्हणाली. "उजेडात नेली तव्हा."

बाबा तिच्याकडे पाहत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. "त्या दिवशी," ते म्हणाले, "भाकऱ्या तं कधीच्याच झाल्या होत्या." आवाज चढला नाही, हात उठला नाही. मी खाली पाहिलं. त्यांनी यंत्राच्या खणातून उसवायची छोटी कात्री काढली आणि तिला दिली.

तोडगाही तिचाच. आठ कळ्या, चार वर लवेच्या, चार खाली लवेच्या. सगळ्या उसवून एक उजळ, एक गडद, एक उजळ, एक गडद अशा लावायच्या, आणि प्रत्येक जोडावर पिवळ्या पट्टीचा गोट मारायचा, म्हणजे मुद्दामच पट्टे काढलेत असं वाटेल. ती उसवत होती, बाबा शिवत होते. दिवे लागायच्या आत झूल पुन्हा उभी राहिली. त्या दिवशी घरात मखमलीबद्दल सोडून कोणी काही बोललं नाही. मी पिवळी पट्टी कातरून देत होतो. मला कोणी थांब म्हटलं नाही आणि कर म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी वकीलसाहेबांच्या ओट्यावर, त्याच मंडळींसमोर, उरलेली मखमलीची चिंधी आधी सरळ धरली, मग उलटी. वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. "हं," म्हणाले, "मला वाटलंच होतं." माफी? वकील माफी मागत नसतात, पुढची तारीख मागतात. उत्सवात नाटक झालं. घोरपड म्हणून दोन पोरांना एका हिरव्या चादरीत घातलं होतं. ती मरायच्या वेळी मागचं पोर शिंकलं. राजा आपल्याच झुलीवर पाय पडून सिंहासनाऐवजी दिवाणजीच्या मांडीवर बसला. पण झुलीला टाळ्या पडल्या. उजेडाखाली तो चालला की पट्टे पाण्यासारखे हलत, मान्य करायलाच हवं. शेवटी कोणीतरी विचारलं, ही पट्ट्यांची कल्पना कोणाची, तर महाराज छातीवर हात ठेवून म्हणाले, "विलायती पुस्तकात आहे." नव्हती. मी ते चित्र पाहिलं होतं. बायकांच्या बाजूला शेवंता आईशेजारी बसलेली होती. ती हसत होती की नाही मला पदरामुळे दिसलं नाही.

मी तिच्या टोमण्याची वाट पाहत राहिलो. बायका टोमणे मारतात असं ऐकलं होतं, आणि माझ्या आईचा तर तो धंदा होता. एखाद्या भांडणात तिनं म्हणावं, 'तुम्हीच तं विचारलं होतं, मखमल कुठं गेली.' मी उत्तरही ठरवून ठेवलं होतं. तीन पोरं झाली, दोन घरं बदलली, भांडणं तर मोजता येणार नाहीत इतकी झाली. तिनं मला आळशी म्हटलं, कंजूस म्हटलं, बिनडोक म्हटलं, पण हे कधीच काढलं नाही. लोक ह्याला मोठं मन म्हणतील. मला वाटतं, तिनं माझ्याकडून त्यापेक्षा जास्त काही अपेक्षाच ठेवली नाही. ती बरोबर होती.

दसऱ्यानंतर आठवडाभरानं छावणीतून एका साहेबाचा कोट आला. कोट म्हणजे नुसतं कापड, जाड, रेघारेघांचं, मऊ केसांचं. बाबांनी चादर अंथरली, कापड पसरलं. मी नेहमीसारखा कोपरा धरून बसलो. त्यांनी खडू हातात घेतला आणि थांबले. मी मान मागे वळवायला तयार झालो. कधीही 'विचार तिले' म्हणतील, तर पहिल्यांदाच मी नीट विचारणार होतो, आणि उत्तर जसंच्या तसं आणणार होतो.

"पोरी," बाबा माझ्या डोक्यावरून आत बघून म्हणाले, "इकडे ये जरा. हात लावून सांग, ह्याची लव कुठं जाते."

आईच्या हातातलं भांडं थांबलं. शेवंता आली, चादरीच्या काठाशी, बाबांच्या समोर बसली. आमच्या बोळात तोवर कोणाची सून सासऱ्यासमोर बसली नव्हती. तिनं तळहात कापडावर ठेवला, एकदा वर नेला, एकदा खाली आणला. मी तोंड उघडलं, ती काय म्हणते ते सांगायला.

"सरक," बाबा मला म्हणाले. "तिच्या उजेडात बसला हायेस तू."

मी सरकलो.